बॉस्टनचा जुना किनारा शोधत दोघांनी पायी घालवलेला एक दिवस

भरतीओहोटी

सप्टेंबर महिन्यात आम्ही उभयता मुलीकडे बॉस्टनला मुक्कामाला होतो. त्या काळात एक संपूर्ण दिवस आम्ही दोघांनीच, कोणालाही सोबत न घेता, शहरात पायी फिरण्यात घालवला. त्याविषयी हा धागा आहे.

बॉस्टन पाहायला येणारे बहुतेक लोक पदपथावरच्या तांबड्या पट्ट्यामागून चालतात. फ्रीडम ट्रेल या नावाची ही सुमारे चार किलोमीटरची वाट स्वातंत्र्यलढ्याशी संबंधित सोळा ठिकाणे जोडते आणि ती ठिकाणे पाहण्यासारखी आहेतच; परंतु मला निराळे काही शोधायचे होते. शाळेत अनेक वर्षे भूगोल शिकवल्यामुळे असेल, कोणतेही बंदर पाहिले की इथला मूळ किनारा कुठे होता हा प्रश्न माझ्या मनात सर्वांत आधी येतो. बॉस्टनमध्ये या प्रश्नाचे उत्तर फार विलक्षण आहे, कारण शहराच्या मध्यभागाचा बराच मोठा हिस्सा भराव घालून तयार केलेला आहे. १६३० मध्ये प्युरिटन या ख्रिस्ती पंथाचे इंग्रज वसाहतकरी इथे येऊन स्थिरावले तेव्हा बॉस्टन हे खाजणांनी वेढलेले एक लहानसे द्वीपकल्प होते आणि मुख्य भूमीशी त्याला जोडणारी जमिनीची पट्टी इतकी चिंचोळी होती की उधाणाच्या वेळी तिच्यावरून पाणी जात असे.

माझे यजमान पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांना तांबड्या पट्ट्यामागूनच जायचे होते. शेवटी असे ठरले की वाट माझी असेल, पण एखाद्या भिंतीपाशी किंवा पायाच्या दगडापाशी ते थांबले तर मी त्यांना घाई करायची नाही. हा करार दोघांनीही दिवसभर पाळला.

आम्ही सुरुवात केली ती कॉप्ली स्क्वेअरपासून, म्हणजे जिथे एके काळी पाणी होते तिथून. तिथून जुन्या जमिनीवर चढायचे, ती ओलांडायची आणि पलीकडे पुन्हा जुन्या पाण्यात उतरायचे, असा माझा बेत होता. चौकाच्या एका बाजूला १८९५ मध्ये उभारलेले सार्वजनिक ग्रंथालय आहे आणि समोर ट्रिनिटी चर्च. हे चर्च १८७२ ते १८७७ या काळात बांधले गेले आणि त्याचा सगळा भार भरावात ठोकलेल्या सुमारे ४,५०० लाकडी खांबांवर आहे. ही माहिती मी वाचून दाखवली तेव्हा यजमानांनी लगेच विचारले, "मग भूजलाची पातळी कोण सांभाळते?" लाकूड सतत पाण्याखाली राहिले, त्याला हवा लागली नाही, तर ते शतकानुशतके टिकते, आपल्याकडच्या जुन्या विहिरींच्या तळाशी घातलेले लाकडी कडे असेच टिकते, असे त्यांनी मला समजावून सांगितले. मात्र पाणी खाली गेले आणि खांबांची डोकी उघडी पडली की ती कुजू लागतात. एवढी भव्य दगडी वास्तू ओल्या लाकडाच्या भरवशावर उभी आहे, हे कळल्यावर मी तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

या भागाला बॅक बे म्हणतात. १८२१ मध्ये गिरण्यांना भरतीच्या पाण्याची शक्ती मिळावी म्हणून या उपसागराच्या मुखावर एक बांध घालण्यात आला. आजचा बीकन स्ट्रीट काही अंतर त्याच बांधाच्या रेषेवरून जातो. बांधामुळे पाण्याचा खेळ थांबला, शहराचे सांडपाणी आत साचू लागले आणि ओहोटीच्या वेळी दुर्गंधी असह्य होऊ लागली. १८५० च्या दशकाच्या अखेरीस भराव घालायला सुरुवात झाली. सुमारे चौदा किलोमीटरवरच्या नीडम या गावाहून वाळू-खडीने भरलेल्या आगगाड्या रात्रंदिवस येत राहिल्या आणि हे काम काही दशके चालले. मोकळ्या पाटीवर आखलेले नगर असल्यामुळे इथले रस्ते सरळ आहेत आणि आडव्या रस्त्यांची नावे इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने लागतात: आर्लिंग्टन, बर्कली, क्लॅरेंडन, डार्टमथ अशी पुढे हेरफर्डपर्यंत. आम्ही ती नावे उलट्या क्रमाने म्हणत पूर्वेकडे चालत गेलो. डार्टमथपासून आर्लिंग्टनपर्यंत पोहोचायला रमतगमत अर्धा तास लागला.

पुढे पब्लिक गार्डन लागते. तिथल्या तळ्यातल्या हंसनौका १८७७ पासून चालू आहेत आणि यजमानांना त्यांत बसायची इच्छा होती म्हणून बसलो. या बागेची जमीनही खाजणाचीच होती. बाग आणि बॉस्टन कॉमन हे जुने सार्वजनिक मैदान यांच्यामधून जाणारा चार्ल्स स्ट्रीट ओलांडताना मी यांना मध्येच थांबवले आणि मागून येणाऱ्या लोकांना वाट करून देत आम्ही पदपथाच्या कडेला उभे राहिलो. १८ एप्रिल १७७५ च्या रात्री सुमारे ७०० ब्रिटिश सैनिक कॉमनच्या याच पायथ्याशी होड्यांमध्ये बसून नदीपार केंब्रिजकडे निघाले होते आणि दुसऱ्या दिवशी लेक्सिंग्टन आणि काँकर्ड इथे युद्धाला तोंड लागले. ओल्ड नॉर्थ चर्चच्या मनोऱ्यावर त्या रात्री लावलेले दोन कंदील हे सैन्य पाण्याच्या मार्गाने निघाल्याची खूण होती. आज तिथे मोटारी, फुलझाडे आणि बाबागाड्या आहेत. पाण्याचा कुठेही मागमूस नाही, तरीही जमिनीचा उतार नीट पाहिला तर कॉमन वर चढत जाते आणि बाग सपाट पसरलेली आहे. किनारा तिथे उतारातून दिसतो. माझ्या मते संपूर्ण दिवसातली ही सर्वांत महत्त्वाची जागा होती, आणि तिथे थांबायला मात्र कोणी आलेले नव्हते.

कॉमन १६३४ पासून सार्वजनिक आहे. ते चढून आम्ही सोनेरी घुमटाच्या स्टेट हाउसपाशी, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीपाशी, गेलो, तिथल्या बाकावर घरून आणलेला डबा उघडला आणि मग ओल्ड स्टेट हाउसकडे उतरलो. मधल्या भागाविषयी मी लिहीत नाही. तांबड्या पट्ट्याची वाट तिथूनच जाते आणि तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे.

१७१३ चे ओल्ड स्टेट हाउस, म्हणजे वसाहतीच्या काळातली सरकारी इमारत, उंच इमारतींच्या घोळक्यात एखाद्या खेळण्यासारखे उभे आहे. त्याच्या पूर्वेच्या सज्जातून १८ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला. त्या सज्जाखाली उभे राहून समोर पाहिले की स्टेट स्ट्रीट हळूहळू उतरत समुद्राकडे जातो. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात या रस्त्याच्या टोकापासून पाण्यात सरळ आत जाणारा एक अतिशय लांब धक्का बांधण्यात आला, तोच लाँग वॉर्फ. पुढे त्याच्या दोन्ही बाजूंच्या गोद्या बुजवल्या गेल्या आणि धक्क्याचा मुळाकडचा मोठा भाग रस्त्याखाली गडप झाला. म्हणजे स्टेट स्ट्रीटच्या खालच्या टप्प्यात आपण चालतो ते जुन्या धक्क्यावरून.

तिथून थोडे डावीकडे वळून आम्ही फॅन्युल हॉल या जुन्या बाजार-सभागृहापाशी गेलो. १७४२ मध्ये हा हॉल बांधला तेव्हा गोदी त्याच्या अगदी जवळ होती. हॉलच्या परिसरातल्या फरसबंदीत जुन्या भरतीरेषेची खूण म्हणून समुद्री शेवाळ, गवत, शिंपले यांच्या आकृती कोरलेल्या आहेत. लोक त्यांच्यावरून जात असतात आणि बहुतेकांचे खाली लक्ष नसते. आम्ही दोघे एकेक आकृती शोधत, एकमेकांना हाका मारून दाखवत पुढे सरकत होतो. पायांखालच्या दगडात आपल्याला हवी असलेली रेषा कोणीतरी आधीच काढून ठेवलेली सापडते, तेव्हा होणारा आनंद मला शब्दांत नीट सांगता येत नाही.

कस्टम हाउसची, म्हणजे जकात कचेरीची, कथाही अशीच आहे. १८४७ मध्ये पूर्ण झाले तेव्हा ते पाण्याच्या काठावर होते आणि नांगरलेल्या जहाजांचे पुढे आलेले दांडे जवळजवळ त्याच्या भिंतीला टेकत. आता तिथून पाण्यापर्यंत चालत जावे लागते आणि वाटेत रोझ केनेडी ग्रीनवे हा बागांचा लांबलचक पट्टा ओलांडावा लागतो. या बागांच्या जागी १९५९ पासून एक उन्नत महामार्ग होता, ज्याने शहर आणि बंदर यांच्यामध्ये अनेक दशके भिंत घातली. तो बोगद्यात नेण्याचे प्रचंड काम झाल्यावर त्याचा सांगाडा उतरवण्यात आला. पाण्याकडची वाट पुन्हा मोकळी करण्यासाठी एवढे कष्ट घेणाऱ्या शहराविषयी मला फार आदर वाटला.

लाँग वॉर्फच्या टोकाशी पोहोचलो तेव्हा पूर्ण ओहोटी होती. बॉस्टनच्या बंदरात भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत सरासरी सुमारे तीन मीटरचे अंतर असते. त्यामुळे धक्क्याचे खांब खोलवर उघडे पडलेले होते आणि त्यांवर हिरव्या शेवाळाचे पट्टे दिसत होते. तिथून हार्बरवॉकने आम्ही दक्षिणेकडे गेलो. पाण्याच्या अगदी कडेने जाणारी ही पायवाट हॉटेलांच्या आणि आलिशान सदनिकांच्या पुढून जाते आणि कोणीही अडवत नाही. याचे मूळ सतराव्या शतकातल्या वसाहतीच्या कायद्यात आहे: भरती आणि ओहोटी यांच्या रेषांमधल्या जमिनीवर मासेमारी, पक्ष्यांची शिकार आणि नौकानयन यांचा हक्क लोकांसाठी राखून ठेवला होता. पुढे १८६६ पासूनच्या कायद्याने भरावाच्या जमिनीवरही लोकांच्या हक्काचे भान ठेवणे बंधनकारक होत गेले. रोज वॉर्फच्या इमारतीत तर प्रचंड कमान ठेवलेली आहे आणि तिच्यातून शहराला थेट पाणी दिसते.

शेवटचा टप्पा फोर्ट पॉइंट चॅनल, म्हणजे बंदरातून आत शिरलेला पाण्याचा चिंचोळा पट्टा. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या ज्या धक्क्यावरच्या तीन जहाजांतून पाण्यात फेकल्या गेल्या, तो ग्रिफिन्स वॉर्फ आता जमिनीखाली आहे. या घटनेच्या, म्हणजे बॉस्टन टी पार्टीच्या, संग्रहालयाची जहाजे जवळच्या याच कालव्यात उभी आहेत. मूळ जागेची आठवण देणारी पाटी मात्र कोरड्या रस्त्यावरच्या इमारतीला लावलेली आहे. त्या रात्री ओहोटी होती, पाणी उथळ होते आणि चहाचे ढीग जहाजांच्या कडेला साचत गेले, असे वर्णन आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा भरती चढत होती. पुलाच्या कठड्याला टेकून आम्ही पाऊण तास नुसते पाणी पाहिले, फारसे बोललो नाही.

दिवसभरात विश्रांती धरून आठ-नऊ तास गेले. या शहरात राहणाऱ्यांनी किंवा राहून आलेल्यांनी आपापली भर घालावी, ही विनंती.

नकाशावेडा

ताई, आपला धागा वाचून फार समाधान वाटले. उत्तरेकडचा एक तुकडा मी जोडतो. आजच्या नॉर्थ स्टेशनच्या दक्षिणेला जो त्रिकोणी आखणीचा भाग दिसतो, तिथे पूर्वी मिल पाँड नावाचा मोठा तलाव होता. १८०७ पासून सुमारे दोन दशकांत तो बुजवला गेला आणि त्यासाठी बीकन हिलचा माथा खणून माती आणली गेली. नव्या जमिनीवरच्या रस्त्यांची आखणी चार्ल्स बुलफिंच यांची, म्हणजे ज्यांनी स्टेट हाउस बांधले त्यांचीच. तिथल्या कॉजवे स्ट्रीटच्या नावात तलावाच्या बांधाची आणि कनाल स्ट्रीटच्या नावात भरावातून काढलेल्या कालव्याची आठवण आहे. जुन्या बॉस्टनच्या तीन शिखरांवरून इथल्या ट्रेमाँट स्ट्रीटचे नाव आले, पण आज तीन शिखरे दाखवा म्हटले तर दाखवता येणार नाहीत, कारण टेकड्यांनी आपली उंची देऊन पाणी बुजवले. आपण पूर्व-पश्चिम चाललात. दक्षिणोत्तर चालल्यास हा भाग येतो.

भरतीओहोटी

नकाशावेडा, मनापासून आभार. स्टेट हाउससमोर बसून आम्ही डबा खाल्ला तेव्हा ती टेकडी पूर्वी आणखी उंच होती हे मला ठाऊक होते, परंतु तिची माती नेमकी कुठे गेली हे यजमानांना सांगता आले नव्हते. आज आपला प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला.

पायरव

लेख आवडला, परंतु एक मतभेद नोंदवतो. भरावाच्या कामाचे वर्णन वाचताना त्यामागच्या कर्तृत्वाचे कौतुक वाटते आणि आपण काय गमावले ते मागे पडते. बॅक बेची खाजणे म्हणजे ओसाड चिखल नव्हता. १९१३ मध्ये बॉयलस्टन स्ट्रीटखाली भुयारी रेल्वेचे काम चालू असताना मजुरांना खोल गाळात उभ्या रोवलेल्या लाकडी मेखा सापडल्या. पुढच्या बांधकामांत अशा आणखी हजारो मेखा मिळाल्या. भरतीबरोबर आत आलेले मासे ओहोटीला अडकावेत म्हणून इथल्या मूलनिवासींनी रोवलेले ते कूड होते आणि त्यांचे वय चार-पाच हजार वर्षांच्या घरातले ठरले आहे. ट्रिनिटी चर्चपासून ही जागा चालत काही मिनिटांवर आहे. १६३० पासून कथा सुरू करणे मला अपुरे वाटते.

भरतीओहोटी

पायरव, आपला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. मी "मूळ किनारा" हा शब्द वापरला आणि तो १६३० च्या नकाशाला चिकटवला, ही माझी चूक झाली. वर्गात मुलांना मी नेहमी सांगत असे की किनारा ही रेषा नसून पट्टा असतो आणि तो दिवसातून दोनदा पाण्याचा व दोनदा जमिनीचा होतो. ज्यांनी त्या मेखा रोवल्या त्यांना हे माझ्यापेक्षा कितीतरी चांगले कळत होते. यजमानांचे म्हणणे असे की मासेमारीच्या मेखा आणि चर्चचे खांब एकाच कारणाने टिकले आहेत: गाळ, पाणी आणि हवेचा अभाव.

तळघर

आम्ही काही वर्षे बॅक बेमधल्या एका जुन्या विटांच्या घरात राहत होतो, म्हणून भूजलाविषयी थोडे लिहितो. काकांनी विचारलेला प्रश्न या भागातल्या प्रत्येक घरमालकाचा प्रश्न आहे. गळक्या सांडपाणी वाहिन्या आणि भुयारी बोगदे आसपासचे भूजल ओढून घेतात आणि पातळी खाली जाते. त्यावर लक्ष ठेवण्यासाठी १९८० च्या दशकात बॉस्टन ग्राउंडवॉटर ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली आणि शहरभर शेकडो निरीक्षण विहिरी आहेत. पदपथावर त्यांची छोटी गोल झाकणे दिसतात. खांबांची डोकी कुजलेली आढळली तर पायाखाली टप्प्याटप्प्याने खणून, कुजलेला भाग कापून, त्याजागी पोलाद आणि काँक्रीट भरावे लागते. हे काम अत्यंत खर्चिक असते. आमच्या शेजारच्या घरात ते चालू असताना कित्येक महिने तळघरात माणसे गुडघ्यांवर बसून खणत होती. अशा भागात नवे मोठे बांधकाम करणाऱ्यांना पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याची व्यवस्था करावी लागते. पुढच्या वेळी जाल तेव्हा ती झाकणे अवश्य शोधा.

ओंजळ

काकू, माझे आईवडील येत्या वसंत ऋतूत येणार आहेत आणि त्यांना हीच वाट दाखवावी असे मनात आहे. आईचे गुडघे दुखतात. एवढे चालणे झेपेल का? स्वच्छतागृहांची सोय कशी आहे?

भरतीओहोटी

ओंजळ, माझेही गुडघे दुखतात. सकाळी कॉप्लीच्या ग्रंथालयात जावे. ते सर्वांना खुले आहे आणि आतल्या चौकात कारंज्यापाशी निवांत बसता येते. त्यानंतरची सोय फॅन्युल हॉलजवळच्या क्विन्सी मार्केटमध्ये आहे. चढ फक्त कॉमनपासून स्टेट हाउसपर्यंत लागतो. तो टाळायचा असेल तर कॉमनच्या सपाट बाजूने जावे. फॅन्युल हॉलच्या आसपास खडबडीत दगडी फरशी आहे, तिथे आईंचा हात धरावा. थकवा आला तर लाँग वॉर्फपाशी थांबावे, कारण भुयारी रेल्वेचे स्थानक तिथेच आहे. फोर्ट पॉइंटचा टप्पा दुसऱ्या दिवशी करता येईल. मुख्य म्हणजे निघण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ पाहून घ्यावी. एकाच दिवसात दोन्ही पाहिल्याशिवाय हे शहर पुरते कळत नाही. आणि वाऱ्यासाठी कानटोपी हवीच, वसंत ऋतूतही.

बर्फघर

या बंदराचा आपल्याशी असलेला एक धागा नोंदवतो. बॉस्टनचे व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यांनी १८३३ मध्ये आसपासच्या तळ्यांवरचा बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांच्या प्रवासानंतरही त्यातला निम्म्याहून अधिक बर्फ शिल्लक होता. पुढे मुंबई आणि मद्रास इथेही बर्फघरे उभी राहिली. मद्रासची वास्तू आजही समुद्रकिनारी आहे. ट्यूडर यांचा धक्का चार्ल्सटाउनच्या बाजूला होता. आपण नदीपार गेला नाहीत, म्हणून तो राहिला.

गोदीकाठ

भरतीओहोटी ताई, आपण लाँग वॉर्फची ओहोटी वर्णिली, आता भरतीचे सांगा. ४ जानेवारी २०१८ च्या वादळात बॉस्टनच्या बंदराने तोवरच्या नोंदींतली सर्वोच्च पातळी गाठली आणि तिथल्या ॲक्वेरियम स्थानकाच्या पायऱ्यांवरून पाणी खाली वाहिले. भराव घातलेली जमीन मुळातच सखल आहे. आपल्याला प्रत्यक्ष पाहताना काय वाटले?

भरतीओहोटी

गोदीकाठ, परतताना आम्ही मुद्दाम पुन्हा लाँग वॉर्फवरूनच आलो. सात वाजले होते आणि भरती पूर्ण झाली होती. दुपारी जे हिरवे पट्टे पाहिले होते त्यांतला एकही दिसत नव्हता. यजमानांनी छत्री उलटी धरून धक्क्याच्या कडेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजण्याचा प्रयत्न केला आणि मी त्यांचा सदरा मागून घट्ट धरून ठेवला. तो दिवस उधाणाचा नव्हता, वाराही पडलेला होता, तरी पाणी त्यांच्या अपेक्षेपेक्षा बरेच वर होते. त्यांनी खिशातल्या वहीत वेळ आणि अंदाजे अंतर लिहून ठेवले. आता अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास लेक त्याच जागी जाऊन छायाचित्र पाठवते आणि यजमान ते त्या नोंदीशेजारी ठेवून पाहतात. डिसेंबरातल्या छायाचित्रात पाणी धक्क्याच्या काठाला लागलेले आहे.